खांदेपालट : एका शस्त्रक्रियेच्या अपयशांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजिते, त्यांनी आम्हांला गणित आणि शास्त्र शिकविले. त्यांच्या हाताखाली शिकूनही मी पुढे मराठीचा अध्यापक झालो, आणि आयुष्य संतवाङ्मय व बखरवाङ्मय यांत घालविले. त्यामुळे चालकांनी यंदाचा विषय विचारला आणि मी खांद्याच्या सांधेरोपणाचे नाव घेतले, तेव्हा त्यांना नवल वाटले असल्यास दोष त्यांचा नाही.

कारण घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी माझा उजवा हात वर जाईनासा झाला. जन्मभर फळ्यावर लिहिलेला हात. कपाळाला गंध लावावयाचे तर डाव्या हाताने उजव्या कोपराला उचलून धरावे लागे. तपासण्या झाल्या आणि शल्यविशारदांनी कागदावर एक चित्र काढून दाखविले. निसर्गाने जेथे वाटी ठेविली आहे तेथे आम्ही गोळा बसवितो आणि जेथे गोळा आहे तेथे वाटी, असे ते म्हणाले. मला आपला जुना शब्द आठवला : खांदेपालट. पालखीचा भोई एक खांदा भरून आला की दुसरा पुढे करतो. येथे तर खांद्याचेच आतले अवयव एकमेकांच्या जागा घेणार होते. मी विचारले, "डॉक्टर, हे फसते तेव्हा काय होते?" ते रागावले नाहीत. त्यांनी बाहेरच्या रुग्णांना थोडे थांबावयास सांगितले, आणि अर्धा तास केवळ फसलेल्या शस्त्रक्रियांविषयी बोलले. हा निबंध त्या अर्ध्या तासातून निघाला आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी बखरींवर कठोर टीका केली. बखरकार विजय रंगवितो, तारखा चुकवितो. खरा इतिहास अस्सल कागदांत असतो, असा त्यांचा आग्रह. वैद्यकाचा इतिहास आपल्यापुढे बहुधा बखरीच्या रूपानेच येतो : अमुक साली अमुकाने शोध लावला आणि मानवजात सुखी झाली. या शस्त्रक्रियेचे अस्सल कागद वाचू लागलो तेव्हा दिसले ते निराळेच. हिचा इतिहास मुख्यतः अपयशांचा आहे, आणि ती अपयशे कोणीतरी लिहून ठेविली म्हणूनच ती आज यशाला पोहोचली आहे.

१. खांदा नावाचे कोडे

मराठीने खांद्यावर फार भार टाकला आहे. आपण जबाबदारी खांद्यावर घेतो, कामाला खांदा लावतो आणि शेवटच्या प्रवासात आप्ताला खांदा देतो. प्रत्यक्षात मात्र हा सांधा भार वाहण्यासाठी घडलेला नाही; तो फिरण्यासाठी घडलेला आहे. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो. खांद्याची वाटी मात्र खवाट्याच्या कडेवरील एक उथळ बशी होय, आणि दंडाच्या हाडाचा गोळा त्या बशीच्या मानाने फार मोठा. बशीवर लिंबू ठेवावे तशी ही रचना आहे. लिंबू घरंगळू नये म्हणून चार लहान स्नायूंच्या कंडरा त्या गोळ्याला बाहीच्या कफाप्रमाणे वेढून असतात. वैद्यक त्यांना रोटेटर कफ म्हणते. त्यांच्यावरून डेल्टॉइड हा मोठा स्नायू पसरलेला असतो. ग्रीक डेल्टा अक्षरासारखा त्रिकोणी, म्हणून हे नाव.

हात उचलण्याचे बळ बरेचसे डेल्टॉइडचे. पण गोळा बशीत दाबून धरणारे ते चार स्नायू. वयाने वा इजेने ती कंडरा फाटली, की डेल्टॉइड गोळ्याला फिरविण्याऐवजी सरळ वर ओढतो. गोळा खवाट्याच्या पुढे आलेल्या टोकावर, म्हणजे खांद्याच्या छपरावर, घासू लागतो आणि सांधा झिजतो. डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८५७ सालच्या आपल्या ग्रंथात अशा सांध्याचे वर्णन केले होते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी १९८३ मध्ये या विकाराला आजचे नाव दिले. अशा खांद्यात नेहमीच्या पद्धतीचा, म्हणजे गोळ्याच्या जागी गोळा आणि वाटीच्या जागी वाटी असा कृत्रिम सांधा टिकत नाही. वर सरकणारा गोळा कृत्रिम वाटीची वरची कड पुन्हा पुन्हा दाबतो, आणि ती डुलू लागते व अखेर सैल होते. कोडे असे होते : ज्या सांध्याला धरून ठेवणारे हातच नाहीत, त्याला उभे कसे करावे?

२. पॅरिसमधील पहिला प्रयत्न

खांद्याचे पहिले रोपण मार्च १८९३ मध्ये पॅरिसला झाले. शल्यविशारद झ्यूल एमिल पेआं यांच्याकडे आलेल्या सदतीस वर्षांच्या एका माणसाचा खांदा क्षयाने पोखरला होता. हात कापणे हा त्या काळचा मार्ग. रुग्णाने त्यास नकार दिला. पेआं यांनी मायकेल्स नावाच्या एका दंतवैद्याकडून सांधा घडवून घेतला. प्लॅटिनमची नळी दंडाच्या हाडाच्या जागी, तिच्या टोकावर पॅराफिनमध्ये उकळून कठीण केलेल्या रबराचा गोळा, आणि त्या गोळ्यावरील खाचांतून फिरणाऱ्या धातूच्या कड्या. हात प्रारंभी चांगला चालला. पण हाडातील क्षय गेला नव्हता; जखम वाहू लागली आणि सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला.

बखरकार येथे पहिल्या वाक्यावर थांबेल. आपण शेवटच्या वाक्याकडे पाहू. सांधा काढला, पण तो टाकून दिला नाही. आज तो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. फसलेली वस्तू जपून ठेवणे हीही एक प्रकारची विद्या आहे.

३. चुका छापणारा डॉक्टर

या कथेत ज्याच्या हातून एकही कृत्रिम खांदा बसला नाही, असा एक पुरुष मला सर्वांत मोठा वाटतो. बोस्टनचे अर्नेस्ट अमरी कॉडमन हे खांद्याच्या अभ्यासाचे आद्य आचार्य. फाटलेल्या कंडरेची शिवण त्यांनी १९०९ साली केली. १९३४ साली त्यांचा 'द शोल्डर' हा ग्रंथ निघाला. पण त्यांचा खरा ध्यास वेगळा होता. प्रत्येक रुग्णाचा शेवट काय झाला, हे रुग्णालयाने वर्षभराने पुन्हा पाहावे. बरा झाला नसेल तर का नाही, ते लिहावे. आणि हा हिशेब लोकांसमोर ठेवावा, असे ते म्हणत. यास त्यांनी 'अंतिम फलाची कल्पना' म्हटले.

ही साधी गोष्ट त्या काळी कोणाला रुचली नाही. १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. १९१५ च्या जानेवारीत एका जाहीर सभेत त्यांनी एक व्यंगचित्र उलगडले : वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालीत आहे आणि भोवती प्रतिष्ठित मंडळी उभी आहेत. सभेत गोंधळ झाला, स्नेही दुरावले, व्यवसाय आटला. परंतु १९११ पासून चालविलेल्या आपल्या छोट्या रुग्णालयाचा हिशेब त्यांनी छापलाच. १९१६ पर्यंत ३३७ रुग्ण घरी गेले; त्यांच्या उपचारांत १२३ चुका झाल्या. त्यांत त्यांच्या स्वतःच्या चुकाही होत्या. कॉडमन १९४० साली वारले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसविण्यात आला.

माझ्या डॉक्टरांनी मला दिलेला अर्धा तास कॉडमन यांच्या या हिशेबाचा दूरचा वारस होता, असे मला आज वाटते.

४. उलटे खांदे आणि त्यांची पडझड

चार्ल्स नीअर यांनी १९५० नंतरच्या दशकात मोडलेल्या खांद्यात धातूचा गोळा बसविण्यास आरंभ केला आणि १९५५ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कंडरा शाबूत असलेल्यांना याचा लाभ झाला. फाटलेल्यांचा प्रश्न तसाच राहिला. १९७० च्या सुमारास अनेकांना एकाच वेळी सुचले की सांधा उलटा करावा : खवाट्यावर गोळा, दंडावर वाटी. वाटीच गोळ्यावर चढून बसली तर तिला वर घसरण्यास जागा उरणार नाही. लंडनचे लिप्मन केसेल, फिलाडेल्फियाचे जॉन फेनलिन, फ्रान्स व जर्मनीतील काही मंडळी, असे सारे या वाटेने गेले. नीअर यांनीही एकामागून एक असे तीन नमुने केले.

कल्पना बरोबर होती, तरी बहुतेक खांदे पडले. या नमुन्यांत गोळा हाडापासून दूर, एखाद्या दांड्यावर बसविल्यासारखा असे. त्यामुळे हात फिरण्याचे केंद्र हाडाच्या बाहेर जाई, आणि हात उचलला की सारा ताण त्या जोडावर तरफेसारखा येऊन मेखा व स्क्रू सैल होत. भिंतीत ठोकलेल्या खुंटीच्या टोकाला ओझे अडकवावे तसा हा प्रकार. नीअर यांनी १९७४ मध्ये आपले उलटे नमुने सोडून दिले. पुढे १९८२ च्या लेखात, कंडरा नसलेल्या रुग्णांसाठी 'मर्यादित उद्दिष्ट' ठेवावे असे त्यांनी मांडले : वेदना कमी व्हावी, हात कमरेजवळच्या कामांना यावा, तेवढ्यावर समाधान मानावे. एवढ्या मोठ्या शल्यविशारदाने आपल्याला काय जमत नाही ते स्पष्ट लिहिले, म्हणून पुढच्याला नेमके कोठून आरंभ करावा हे कळले.

५. दिजाँचा उपाय

हा पुढचा माणूस म्हणजे फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ (१९४०-२०१३). त्यांनी पूर्वीच्या पडझडीचे कारण नेमके हेरले. गोळा दांड्यावर नको. तो खवाट्याला थेट चिकटलेला हवा, म्हणजे फिरण्याचे केंद्र हाडाशीच येईल आणि तरफेचा ताण जोडाला दाबून धरणारा होईल. दुसरे, दंडाचे हाड थोडे खाली ओढावे, म्हणजे डेल्टॉइड ताणला जाऊन त्याचे बळ वाढेल आणि फिरण्याचे केंद्र आत गेल्यामुळे त्या स्नायूचे अधिक तंतू हात उचलण्याच्या कामी येतील. जे चार स्नायू गेले त्यांचे दुःख न करता जो एक उरला त्याच्यावर सारा भार, असा हा विचार. मला हा खांद्याच्या कथेतील खरा खांदेपालट वाटतो.

पहिला नमुना १९८५ चा. त्याचा गोळा पूर्ण गोलाच्या दोन तृतीयांश होता व तो सिमेंटने बसविला जाई. १९८७ मध्ये ग्रामाँ आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांचा वृत्तान्त फ्रेंचमध्ये छापला. त्यांचे निकाल संमिश्र होते. काहींचा हात चांगला उठला, काहींचा फारसा नाही. सिमेंटची पकडही सुटू लागली, म्हणून १९९१ मध्ये त्यांनी अर्धगोल, मधली खुंटी आणि स्क्रू असा नवा नमुना केला व त्याला डेल्टॉइडवरून डेल्टा हे नाव दिले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा सांध्याला अनुमती दिली ती २००३ च्या अखेरीस. एका मध्यम फ्रेंच शहरातील कल्पनेला महासागर ओलांडण्यास अठरा वर्षे लागली.

६. उपद्रवांचा हिशेब

यापुढचा भाग आकड्यांचा आहे. एक शब्द आधी स्पष्ट करतो. इंग्रजीतील या अर्थाच्या शब्दास आपण 'गुंतागुंत' म्हणतो. तो शब्द मला पुळचट वाटतो. आयुर्वेदाने यास 'उपद्रव' म्हटले आहे, आणि तो रुग्णाच्या बाजूने बोलणारा शब्द आहे.

खांद्याची स्थिती शंभर गुणांत मोजण्याची एक रीत १९८७ मध्ये कॉन्स्टंट व मर्ली यांनी घालून दिली : वेदनेला १५, नित्याच्या कामांना २०, हालचालीला ४० आणि बळाला २५. सिर्वो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये फ्रान्समधील ८० खांद्यांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी २२.६ गुण होते, सुमारे पावणेचार वर्षांनी ते ६५.६ झाले, शंभरांतील ९६ जणांची वेदना गेली किंवा नाममात्र उरली. बखर येथे संपली असती. पण त्याच लेखात असेही होते की शेकडा ६३.६ खांद्यांत खवाट्याच्या खालच्या कडेला खाच पडली आहे. हात खाली येताना दंडावरील वाटीची कड त्या हाडावर घासत होती. गोळा हाडाशी चिकटविण्याचा जो गुण, त्याचाच हा दोष. ही खाच मोठी झाली तर निकाल घसरतो, असे सिर्वो यांना दिसले. तिने फारसे बिघडत नाही, असे काहींचे मत पडले. वाद बरीच वर्षे चालला, आणि त्या वादातूनच गोळा किंचित खाली बसविण्याची, तसेच तो पुन्हा थोडा बाहेर आणण्याची नवी रीत आली.

२००५ मध्ये झुरिचहून ५८ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला, आणि बारीकसारीक धरून उपद्रवांचे प्रमाण शेकडा ५० भरले. २००७ मध्ये ल्यों येथील मंडळींनी दाखविले की प्रथमच केलेल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण शेकडा १३.३, तर आधीचा सांधा फसल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत ३६.७ होते. २०११ मध्ये अनेक लेखांतील ७८२ सांधे एकत्र पाहिले गेले, तेव्हा अभ्यासकांनी दोन शब्द वेगळे केले : अंतिम फलावर परिणाम न करणाऱ्या त्या 'अडचणी', शेकडा ४४, परिणाम करणारे ते 'उपद्रव', शेकडा २४. पन्नास, तेरा, चोवीस यांपैकी खरा आकडा कोणता? भाषेच्या अध्यापकाला याचे उत्तर चटकन् सापडते. आकड्याच्या आधी व्याख्या येते. रुग्ण कोणते, शस्त्रक्रिया पहिली की दुसरी, आणि उपद्रव म्हणावयाचे तरी कशाला, हे विचारल्यावाचून नुसता आकडा घेणे म्हणजे तारखेवाचून पत्र वाचणे होय.

उपद्रव तरी कोणते? गोळ्यावरून वाटी निसटणे हा एक. जंतुसंसर्ग हा दुसरा, आणि फसवा. खांद्याच्या त्वचेत राहणारा एक मंद जंतू ताप आणीत नाही, पू दाखवीत नाही. प्रयोगशाळेत तो उगवून येण्यास कधी दोन आठवडे लागतात. तिसरा, ताणलेल्या डेल्टॉइडच्या सततच्या ओढीने खवाट्याच्या टोकाला तडा जाणे. चौथा, हात लांबविल्यामुळे मज्जातंतूंना ताण बसणे. आणि एक उणीव अशी, की जिला पुष्कळदा उपद्रवही म्हणत नाहीत : हात वर जातो, पण पाठीमागे जाण्याची शक्ती घटते.

फळ किती काळ टिकते, हा अखेरचा प्रश्न. २०१७ मध्ये ल्यों मालिकेतील ८४ रुग्णांच्या ८७ खांद्यांची सुमारे साडेबारा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. दहा वर्षांनी शेकडा ९३ सांधे जागच्या जागी होते. पण गुण आरंभीच्या २३ वरून मध्यंतरी ६३ वर चढले होते, ते ५५ वर उतरले होते. सांधा टिकला, हात मात्र थोडा थकला. म्हातारा होणारा डेल्टॉइड हे त्याचे एक कारण असावे. म्हणूनच तरुण रुग्णाच्या बाबतीत शल्यविशारद आजही बिचकतात. उलट वृद्धाच्या मोडलेल्या खांद्यात या सांध्याने नवे स्थान मिळविले. नॉर्वेमध्ये ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांत पट्टी-स्क्रू आणि उलटा सांधा यांची तुलना झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन वर्षांनंतर सांध्याला ६८, पट्टीला ५४.६ गुण होते.

ऑस्ट्रेलियाने २००४ पासून आणि इंग्लंडने २०१२ पासून खांद्याचे सांधे राष्ट्रीय नोंदवहीत घेतले आहेत. कोणता सांधा कोठे बसविला आणि तो केव्हा काढावा लागला, हे तेथे लिहिले जाते. ज्या मागणीपायी कॉडमन एकाकी झाले, ती आता सरकारी दप्तराचा भाग झाली आहे.

७. समारोप

माझी शस्त्रक्रिया झाली. आज मी स्वतःच्या हाताने गंध लावतो, वरच्या फळीवरील ग्रंथ काढतो, रात्री त्या कुशीवर दुखल्यावाचून झोपतो. पण हिशेब पुरा द्यावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूजेच्या वेळी धोतराचा काष्टा मागे खोचता येत नाही. ते काम घरच्या मंडळींकडे गेले आहे. जमिनीवरून उठताना त्या हाताचा रेटा द्यावयाचा नाही, ही ताकीद आहे, म्हणून पाटावरची पंगत सुटली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्या अर्ध्या तासात या दोन्ही गोष्टी मला सांगितलेल्या होत्या. त्यामुळे त्यांचा मला सल नाही. सांगितल्या नसत्या तर हाच हात, हेच गुण, आणि मी स्वतःला फसविला गेलेला समजलो असतो.

आमचे गुरुजी वह्या तपासताना एका गोष्टीवर रागावत. चुकलेले गणित कोणी रबराने खोडले, तर ते वही परत देत. ते म्हणत, "खोडू नकोस. त्यावर एक रेघ मार, आणि खाली नव्याने मांड. कोठे चुकलास ते मला दिसले पाहिजे, आणि उद्या तुलाही." त्या वेळी वही घाणेरडी दिसते म्हणून आम्हांला वाईट वाटे. पेआं यांचा जपलेला सांधा, कॉडमन यांच्या १२३ चुका, नीअर यांचे सोडून दिलेले नमुने आणि सिर्वो यांच्या लेखातील खाचा वाचताना मला सारखी ती रेघ मारलेली वही दिसत होती.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून थांबतो. वंदन दोन्ही हातांनी करता येते आहे, हे आपणही पाहत आहात.